महाविद्यालयीन फुटबॉलमधील कॉन्फरन्स वेळापत्रक

महाविद्यालयीन फुटबॉलमधील कॉन्फरन्स वेळापत्रक म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉल संघांनी आपापल्या कॉन्फरन्समध्ये कोणाशी, कोठे व कोणत्या आठवड्यात खेळावे हे ठरवणारी योजना होय. नियमित हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारणपणे १२ सामने येतात. त्यांपैकी ८ किंवा ९ सामने कॉन्फरन्समधील संघांशी होतात. मोठ्या कॉन्फरन्समध्ये मात्र १६ ते १८ संघ असल्यामुळे एका हंगामात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळणे शक्य नसते. काही प्रतिस्पर्धी निवडावे लागतात आणि काही वगळावे लागतात.

या निवडीत दोन तत्त्वांचा मेळ घालावा लागतो. पहिले तत्त्व समतेचे: सर्व संघांना सारख्या तोलाचे प्रतिस्पर्धी, घरच्या मैदानावरचे सारखे सामने आणि विजेतेपदाची सारखी संधी मिळावी. दुसरे तत्त्व परंपरेचे: शंभर-सव्वाशे वर्षे चालत आलेल्या वार्षिक लढती खंडित होऊ नयेत. कायम राखलेली प्रत्येक लढत फिरत्या सामन्यांतील एक जागा व्यापते, म्हणून ही दोन्ही तत्त्वे एकाच वेळी पूर्णपणे पाळता येत नाहीत. किती लढती राखाव्यात व त्यांची किंमत कोणी मोजावी, हाच वेळापत्रक आखण्यातील मुख्य प्रश्न आहे.

संज्ञा

मराठीत नुसते ‘फुटबॉल’ म्हटले की पायाने खेळायचा गोल चेंडूचा खेळ अभिप्रेत असतो. या लेखातील फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन किंवा फेकून पुढे नेण्याचा अमेरिकन फुटबॉल होय. त्यात अंगाला अंग भिडत असल्याने खेळाडूंना दुखापती फार होतात आणि म्हणून प्रत्येक संघ सामान्यतः आठवड्यातून एकच सामना खेळतो. क्रिकेट किंवा बास्केटबॉलप्रमाणे सामने वाढवून ही अडचण सोडवता येत नाही.

कॉन्फरन्स म्हणजे परस्परांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. तिचे स्वतःचे नियम, प्रक्षेपणाचे करार आणि विजेतेपद असते. या लेखात प्रामुख्याने साउथईस्टर्न कॉन्फरन्स, बिग टेन, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स आणि बिग ट्वेल्व्ह यांचा विचार केला आहे. नावातील अंक आणि प्रत्यक्ष सदस्यसंख्या यांचा संबंध उरलेला नाही; बिग टेनमध्ये २०२४ पासून १८ संघ आहेत. या सर्वांवर नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एन.सी.ए.ए.) ही राष्ट्रीय संस्था आहे.

‘राखीव लढत’ ही दोन संघांत दरवर्षी होणारच अशी ठरवलेली लढत होय. अशा लढतीतील दोन्ही संघ एकमेकांचे ‘कायमचे प्रतिस्पर्धी’ ठरतात. उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी आळीपाळीने सामने होतात. त्यांना येथे ‘फिरते सामने’ म्हटले आहे.

पारंपरिक लढतींचे महत्त्व

कित्येक लढती आजच्या कॉन्फरन्सपेक्षा जुन्या आहेत. मिनेसोटा व विस्कॉन्सिन यांच्यातील लढत १८९० मध्ये सुरू झाली. ऑबर्न व जॉर्जिया १८९२ पासून, मिशिगन व ओहायो स्टेट १८९७ पासून, टेक्सास व ओक्लाहोमा १९०० पासून, तर अलाबामा व टेनेसी १९०१ पासून एकमेकांशी खेळत आले आहेत. या लढतींना स्वतःचे ठिकाण आणि ऋतू असतो. टेक्सास–ओक्लाहोमा सामना १९२९ पासून डॅलस शहरात होत आला आहे आणि त्या वेळी तेथे टेक्सास राज्याची जत्रा भरलेली असते. अलाबामा–टेनेसी लढतीला ‘ऑक्टोबरचा तिसरा शनिवार’ असेच नाव पडले आहे. मिशिगन–ओहायो स्टेट सामना हंगामाच्या शेवटी येतो. मिशिगनच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात.

एकदा खंड पडला की लढत आपोआप पूर्ववत होत नाही. अलाबामा व ऑबर्न ही एकाच राज्यातील दोन विद्यापीठे १८९३ पासून खेळू लागली. परंतु १९०७ च्या सामन्यानंतर खर्चाच्या व पंचांच्या प्रश्नावरून मतभेद झाले आणि दोघांतील फुटबॉल १९४८ पर्यंत बंद राहिला. भांडण किरकोळ असले तरी दुरावा ४१ वर्षे टिकला.

पुढील काळात लढती तुटल्या त्या भांडणांमुळे नव्हे, तर कॉन्फरन्सच्या फेररचनेमुळे. तिची दोन रूपे दिसतात. पहिल्यात एक संघ कॉन्फरन्स सोडून जातो. टेक्सास व टेक्सास ए अँड एम यांची लढत १९१५ पासून दरवर्षी होत होती. ए अँड एमने साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये प्रवेश केल्यावर २०११ नंतर ती थांबली. टेक्सासही त्याच कॉन्फरन्समध्ये आल्यावर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्याच स्थलांतरात ओक्लाहोमा व ओक्लाहोमा स्टेट यांची वार्षिक लढत मात्र २०२३ नंतर संपली.

दुसऱ्या रूपात दोन्ही संघ एकाच कॉन्फरन्समध्ये राहूनही वेळापत्रक त्यांना दूर करते. नेब्रास्का व ओक्लाहोमा १९२८ पासून दरवर्षी खेळत. १९९६ मध्ये बिग ट्वेल्व्हचे सामने सुरू झाले तेव्हा नेब्रास्का उत्तर विभागात व ओक्लाहोमा दक्षिण विभागात गेले. दुसऱ्या विभागातील संघाशी दोन वर्षे खेळायचे व दोन वर्षे नाही, असा नियम होता आणि कायमच्या प्रतिस्पर्ध्याची तरतूद नव्हती. परिणामी १९९८ व १९९९ मध्ये हा सामना झाला नाही आणि सात दशकांची अखंडता संपली.

न्याय्यतेचे निकष

न्याय्य वेळापत्रकाची सर्वमान्य व्याख्या नाही. चर्चेत सामान्यतः पुढील निकष येतात:

• संपर्क: प्रत्येक संघाने कॉन्फरन्समधील इतर सर्व संघांशी ठरावीक काळात खेळावे. महाविद्यालयीन शिक्षण चार वर्षांचे असल्याने चार वर्षे हे स्वाभाविक माप मानले जाते. त्या काळात खेळाडूने प्रत्येक सहसदस्याच्या मैदानावर एकदा जावे आणि विद्यार्थ्याने प्रत्येक सहसदस्याला आपल्या मैदानावर एकदा पाहावे, अशी अपेक्षा असते.
• तोल: प्रतिस्पर्ध्यांचे एकूण बळ शक्य तितके सारखे असावे.
• स्थान: घरचे व बाहेरचे सामने समान असावेत. विषम संख्या असल्यास जादा सामना आळीपाळीने मिळावा.
• विश्रांती: मोकळा आठवडा सर्वांना मिळावा, विश्रांती घेऊन आलेल्या प्रतिस्पर्ध्याशी एकाच संघाला वारंवार खेळावे लागू नये.
• प्रवास: लांबच्या प्रवासाचा भार एकाच बाजूला पडू नये.
• परंपरा: ज्या लढतींना दोन्ही बाजू जिवाभावाच्या मानतात, त्या दरवर्षी व्हाव्यात.

पहिला आणि शेवटचा निकष यांच्यात थेट विरोध आहे. कायमचे प्रतिस्पर्धी जितके अधिक, तितके इतरांशी होणारे सामने कमी.

संपूर्ण साखळी पद्धत

संघ थोडे असतील तर हा विरोधच उद्भवत नाही. बिग ट्वेल्व्हमध्ये २०११ ते २०२२ या काळात १० संघ होते आणि प्रत्येक जण ९ सामने खेळत असे. प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडत असल्याने कोणतीही लढत वेगळी राखावी लागली नाही आणि प्रतिस्पर्ध्यांची यादीही सर्वांना सारखी होती. न्यायाच्या दृष्टीने ही सर्वांत निर्दोष रचना. पण संघसंख्या वाढताच ती कोसळते: १६ संघांच्या साखळीसाठी प्रत्येकाला १५ सामने खेळावे लागतील आणि संपूर्ण नियमित हंगामच १२ सामन्यांचा असतो.

विभाग पद्धती

१२ सदस्यांची कॉन्फरन्स दोन विभागांत वाटली आणि विभागांतर्गत साखळी सामने घेतले, तर दोन्ही विभागविजेत्यांत अंतिम सामना खेळवता येईल, अशी मुभा एन.सी.ए.ए.च्या नियमांत होती. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने १९९२ मध्ये तिचा उपयोग केला. आर्कान्सा व साउथ कॅरोलायना यांच्या प्रवेशाने संघ १२ झाले होते. त्यांचे पूर्व व पश्चिम असे विभाग पाडले गेले आणि पहिल्या अंतिम सामन्यात अलाबामाने फ्लोरिडाला २८–२१ असे हरवले. पुढे इतरांनीही हा नमुना स्वीकारला.

विभागांचा लाभ स्पष्ट होता. एकाच विभागातील शेजारी दरवर्षी खेळत, त्यामुळे बहुतेक लढती आपोआप सुरक्षित राहत. दोष तीन ठिकाणी दिसले.

पहिला दोष सीमारेषेचा. रेषा कोठेही आखली तरी ती कोणत्या ना कोणत्या लढतीला छेदते. अलाबामा–टेनेसी आणि ऑबर्न–जॉर्जिया या जोड्या दोन विभागांत विभागल्या गेल्याने त्यांच्यासाठी आंतरविभागीय राखीव सामना ठेवावा लागला. बिग टेनने २०११ मध्ये भूगोलापेक्षा बळाच्या तोलाला महत्त्व दिले आणि मिशिगन व ओहायो स्टेट यांना वेगवेगळ्या विभागांत ठेवले. त्यांचा सामना राखीव ठेवला गेला. परंतु आयोवा व विस्कॉन्सिन यांना तसे संरक्षण मिळाले नाही आणि २०११ व २०१२ मध्ये ते एकमेकांशी खेळले नाहीत.

दुसरा दोष दुराव्याचा. २०१२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये १४ संघ झाले. आठ सामन्यांपैकी सहा विभागात, एक कायमच्या आंतरविभागीय प्रतिस्पर्ध्याशी आणि केवळ एक फिरता, अशी वाटणी होती. दुसऱ्या विभागातील उरलेल्या सहा संघांची पाळी सहा वर्षांतून एकदा येई; त्यांच्या मैदानावर जाण्याचा योग बारा वर्षांतून एकदा. टेक्सास ए अँड एम २०१२ मध्ये सदस्य झाले, तरी जॉर्जियाशी त्यांचा पहिला कॉन्फरन्स सामना २०१९ मध्ये झाला. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये तर याहून चमत्कारिक स्थिती आली. नॉर्थ कॅरोलायना व वेक फॉरेस्ट ही एकाच राज्यातील आणि एकाच कॉन्फरन्समधील विद्यापीठे वेगवेगळ्या विभागांत असल्याने क्वचित भेटत. शेवटी त्यांनी २०१९ व २०२१ मध्ये परस्परांशी सामने ठरवले, पण ते कॉन्फरन्सबाह्य म्हणून. त्यांचे निकाल गुणतालिकेत धरले गेले नाहीत.

तिसरा दोष असमतोलाचा. बिग टेनने २०१४ मध्ये पूर्व व पश्चिम असे भौगोलिक विभाग केले. त्यानंतर २०२३ पर्यंतच्या दहाही अंतिम सामन्यांत पूर्व विभागाचा संघ विजयी झाला. पूर्वेतील दुसऱ्या क्रमांकाचा संघ कितीही बलवान असला तरी अंतिम सामन्यात पोहोचू शकत नव्हता. बळाचे भाकीत करून विभाग पाडण्याचा उपायही भरवशाचा ठरला नाही. फ्लोरिडा स्टेट व मायामी यांना अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने वेगळ्या विभागांत ठेवले होते. अंतिम सामन्यात त्यांची गाठ एकदाही पडली नाही.

मे २०२२ मध्ये एन.सी.ए.ए.ने अंतिम सामन्याचे संघ कसे निवडावेत हे ठरवण्याची मोकळीक कॉन्फरन्सना दिली. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने २०२३ मध्ये, तर साउथईस्टर्न कॉन्फरन्स व बिग टेन यांनी २०२४ मध्ये विभाग मोडीत काढले.

विभागांविना वेळापत्रकाचे गणित

विभाग नाहीसे झाल्यावर प्रत्येक लढत राखायची की फिरती ठेवायची, हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते. एकूण संघ ‘स’, प्रत्येकाचे कॉन्फरन्स सामने ‘ग’ आणि त्यांपैकी कायमचे प्रतिस्पर्धी ‘क’ मानले, तर सर्व फिरत्या प्रतिस्पर्ध्यांशी एकेकदा खेळून होण्यास लागणारी वर्षे, म्हणजे आवर्तनकाल, असा काढता येतो:

आवर्तनकाल = (स − १ − क) ÷ (ग − क)

उत्तर पूर्णांक आले तर आवर्तन नीटस बसते. अपूर्णांक आला तर काही प्रतिस्पर्धी लवकर परततात, काही उशिरा, आणि तेथेच विषमता शिरते. काही उदाहरणे:

• १४ संघ, ८ सामने, ७ कायमचे (विभागातील ६ व बाहेरचा १): ६ वर्षे
• १४ संघ, ८ सामने, ३ कायमचे: २ वर्षे
• १६ संघ, ८ सामने, ३ कायमचे: २.४ वर्षे
• १६ संघ, ८ सामने, १ कायमचा: २ वर्षे
• १६ संघ, ९ सामने, ३ कायमचे: २ वर्षे
• १८ संघ, ९ सामने, ३ कायमचे: २.३३ वर्षे (सुमारे)
• १८ संघ, ९ सामने, १ कायमचा: २ वर्षे

आवर्तन दोन वर्षांचे असेल तर पुढील दोन वर्षांत मैदाने उलटवून चार वर्षांत प्रत्येकाशी घरी व बाहेर एकेकदा खेळता येते, म्हणजे शिक्षणक्रमाच्या कालावधीशी त्याचा मेळ बसतो.

एक की तीन

टेक्सास व ओक्लाहोमा १ जुलै २०२४ रोजी साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे सदस्य झाले आणि संघ १६ झाले. वरील गणितानुसार दोन वर्षांच्या आवर्तनासाठी दोनच सोयीचे पर्याय उरत होते: आठ सामने ठेवून एक कायमचा प्रतिस्पर्धी, किंवा नऊ सामने करून तीन.

एकच प्रतिस्पर्धी राखण्याचा परिणाम एका साखळीवरून समजतो: टेनेसी–अलाबामा–ऑबर्न–जॉर्जिया–फ्लोरिडा. या पाच संघांत सलग चार जुन्या लढती आहेत. प्रत्येकाला एकच जोडीदार ठेवायचा असेल तर चारांपैकी जास्तीत जास्त दोनच वाचतात. अलाबामा–ऑबर्न राखली तर अलाबामा–टेनेसी आणि ऑबर्न–जॉर्जिया या दोन्ही सोडाव्या लागतात. टेक्सासलाही ओक्लाहोमा व ए अँड एम यांच्यातून एकाचीच निवड करावी लागली असती.

नऊ सामन्यांच्या पर्यायालाही किंमत होती. कॉन्फरन्समधील नववा सामना आला की त्यातील निम्म्या संघांच्या नावावर एक जादा पराभव लागणार, हे निश्चित. शिवाय बाहेरच्या दुबळ्या संघाला घरी बोलावून सहज जिंकण्याची एक संधी जाते. २०२४ व २०२५ मध्ये आठ सामन्यांची तात्पुरती योजना चालली. दुसऱ्या वर्षी तेच प्रतिस्पर्धी मैदाने बदलून देण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये कॉन्फरन्सने २०२६ पासून नऊ सामने खेळवण्याचा निर्णय जाहीर केला.

साउथईस्टर्न कॉन्फरन्सची २०२६ ची योजना

या योजनेत प्रत्येक संघाला तीन कायमचे प्रतिस्पर्धी आणि दरवर्षी सहा फिरते सामने आहेत. कायमच्या जोड्या २०२६ ते २०२९ या चार हंगामांसाठी ठरवल्या असून त्यानंतर त्यांचा फेरविचार व्हायचा आहे. १६ संघांतून एकूण १२० जोड्या होतात. त्यांपैकी पुढील २४ राखीव आहेत:

• अलाबामा–ऑबर्न, अलाबामा–टेनेसी, अलाबामा–मिसिसिपी स्टेट
• ऑबर्न–जॉर्जिया, ऑबर्न–व्हँडरबिल्ट
• जॉर्जिया–फ्लोरिडा, जॉर्जिया–साउथ कॅरोलायना
• फ्लोरिडा–साउथ कॅरोलायना, फ्लोरिडा–केंटकी
• केंटकी–साउथ कॅरोलायना, केंटकी–टेनेसी
• टेनेसी–व्हँडरबिल्ट
• व्हँडरबिल्ट–मिसिसिपी स्टेट
• मिसिसिपी–मिसिसिपी स्टेट, मिसिसिपी–लुइझियाना स्टेट, मिसिसिपी–ओक्लाहोमा
• लुइझियाना स्टेट–आर्कान्सा, लुइझियाना स्टेट–टेक्सास ए अँड एम
• टेक्सास–ओक्लाहोमा, टेक्सास–टेक्सास ए अँड एम, टेक्सास–आर्कान्सा
• मिसूरी–ओक्लाहोमा, मिसूरी–आर्कान्सा, मिसूरी–टेक्सास ए अँड एम

वर उल्लेखिलेल्या साखळीतील चारही लढती या यादीत आहेत. मात्र प्रत्येकाला नेमके तीनच प्रतिस्पर्धी देण्याच्या नियमाचे दोन उलटे परिणाम होतात. ज्यांच्या जिवाभावाच्या लढती तीनहून अधिक आहेत त्यांना काही सोडाव्या लागतात: अलाबामा–लुइझियाना स्टेट ही १९६४ पासून दरवर्षी होत आलेली लढत तसेच फ्लोरिडा–टेनेसी ही लढत यादीत नाही. उलट ज्यांच्या लढती तीनहून कमी आहेत त्यांच्यासाठी संख्या भरून काढणाऱ्या जोड्या जुळवाव्या लागतात. मिसिसिपी–ओक्लाहोमा ही जोडी अशीच. ओक्लाहोमा २०२४ पर्यंत या कॉन्फरन्समध्ये नव्हतेच.

बिग टेनची असमान संख्या

बिग टेनने नेमका उलटा मार्ग घेतला आहे. तेथे १८ संघ प्रत्येकी नऊ सामने खेळतात, पण राखीव लढतींची संख्या सर्वांना सारखी नाही. २०२४ पासूनच्या योजनेत १२ राखीव लढती आहेत. मिशिगनला ओहायो स्टेट व मिशिगन स्टेट असे दोन, आयोवाला मिनेसोटा, नेब्रास्का व विस्कॉन्सिन असे तीन कायमचे प्रतिस्पर्धी आहेत, तर पेन स्टेटला एकही नाही. पॅसिफिक किनाऱ्यावरून आलेल्या संघांसाठी यू.सी.एल.ए.–सदर्न कॅलिफोर्निया आणि ऑरेगॉन–वॉशिंग्टन या लढती राखल्या आहेत.

येथे जोडी जुळवण्यासाठी नवी परंपरा निर्माण करावी लागत नाही. परंतु आवर्तन सुटसुटीत राहत नाही. म्हणून पाच वर्षांत प्रत्येक सहसदस्याशी किमान दोनदा, एकदा घरी व एकदा बाहेर, खेळण्याची हमी दिली आहे. हिशेब असा: आयोवाला पाच वर्षांत ६ × ५ = ३० फिरते सामने मिळतात आणि १४ फिरत्या प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा खेळण्यास २८ लागतात. हमी जेमतेम पाळता येते. पेन स्टेटला मात्र १७ प्रतिस्पर्ध्यांसाठी ४५ सामने आहेत; लागतात ३४. उरलेल्या ११ सामन्यांचे प्रतिस्पर्धी कॉन्फरन्सला मोकळेपणाने ठरवता येतात. अशा मोकळ्या जागांवर कोणाला बसवायचे, हा पुढे वादाचा विषय होऊ शकतो.

विषम सदस्यसंख्या

अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने २०२३ मध्ये १४ संघांसाठी तीन कायमचे व पाच फिरते अशी आठ सामन्यांची योजना आणली. तिचे आवर्तन बरोबर दोन वर्षांचे होते. ती एकच हंगाम टिकली. २०२४ मध्ये स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया व सदर्न मेथडिस्ट या विद्यापीठांच्या आगमनाने संघ १७ झाले आणि गणित पुन्हा मांडावे लागले.

१७ ही विषम संख्या वेगळीच अडचण आणते. प्रत्येक सामन्यात दोन संघ असल्याने ‘संघ × सामने’ हा गुणाकार सम असावाच लागतो. १७ × ८ = १३६ म्हणजे ६८ सामने होतात; पण १७ × ९ = १५३ ही विषम संख्या आहे. त्यामुळे १७ संघांच्या कॉन्फरन्सने नऊ सामन्यांचा नियम केला, तरी दरवर्षी किमान एका संघाला आठवर थांबावे लागते.

घरचे आणि बाहेरचे सामने

वेळापत्रकातील संघ म्हणजे बिंदू आणि सामने म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा, असे मानले की हा प्रश्न आलेखशास्त्राचा होतो. डॅनिश गणिती यूलियस पीटरसन यांचे १८९१ मधील एक प्रमेय येथे उपयोगी पडते. ज्या आलेखात प्रत्येक बिंदूपाशी सारख्याच व सम संख्येने रेषा मिळतात, त्याचे असे पदर सुटे करता येतात की प्रत्येक पदरात प्रत्येक बिंदूला नेमक्या दोन रेषा असतात. म्हणजेच प्रत्येक पदर एक किंवा अनेक बंद वर्तुळांचा बनतो.

१६ संघांच्या योजनेत प्रत्येकाचे फिरते प्रतिस्पर्धी १२ आहेत. त्यामुळे फिरत्या सामन्यांचे सहा पदर होतात: तीन पहिल्या वर्षासाठी व तीन दुसऱ्या वर्षासाठी. प्रत्येक वर्तुळ एकाच दिशेने फिरवून ‘बाणाच्या टोकाशी यजमान’ असे ठरवले, की प्रत्येक संघाला प्रत्येक पदरात एक सामना घरी व एक बाहेर मिळतो. म्हणजे दरवर्षी सहा फिरत्या सामन्यांपैकी तीन घरी व तीन बाहेर. तिसऱ्या व चौथ्या वर्षी बाण उलटे करायचे. कायमच्या जोड्या कोणत्याही निवडल्या तरी अशी वाटणी अस्तित्वात असतेच, ही या प्रमेयाची ग्वाही आहे.

कायमचे प्रतिस्पर्धी तीन, म्हणजे विषम असल्याने तेथे पूर्ण समता येत नाही. एका वर्षी निम्म्या संघांना दोन व उरलेल्यांना एक घरचा सामना मिळतो. पुढील वर्षी उलट. एकंदर नऊ सामन्यांत घरचे सामने एका वर्षी पाच, तर दुसऱ्या वर्षी चार होतात. विजेतेपदाची शर्यत एकेका वर्षाची असल्याने दोन वर्षांनी साधलेला हा समतोल त्या वर्षी चार सामन्यांवर राहिलेल्या संघाच्या कामी येत नाही. टेक्सास–ओक्लाहोमासारखे सामने त्रयस्थ शहरात होत असल्याने त्या संघांचा हिशेब आणखी बदलतो.

आठवड्यांची मांडणी

प्रतिस्पर्धी ठरल्यावर तारखा ठरवाव्या लागतात. नोव्हेंबरमधील चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’चा सण येतो आणि त्याला जोडून येणारा शनिवार हा नियमित हंगामाचा शेवटचा आठवडा पारंपरिक लढतींचा मानला जातो. अलाबामा–ऑबर्न आणि मिशिगन–ओहायो स्टेट हे सामने याच वेळी होतात.

येथे कॉन्फरन्सबाहेरच्या लढतीही आड येतात. जॉर्जिया–जॉर्जिया टेक, फ्लोरिडा–फ्लोरिडा स्टेट, साउथ कॅरोलायना–क्लेम्सन आणि केंटकी–लुइव्हिल या चार लढती एकाच राज्यातील, पण दोन वेगळ्या कॉन्फरन्समधील संघांच्या आहेत. त्या याच आठवड्यात ठेवायच्या तर साउथईस्टर्न कॉन्फरन्सला त्या दिवशी उरलेल्या १२ संघांचे सहाच सामने लावता येतात. या चौघांसाठी कॉन्फरन्सबाहेरच्या तीन जागांपैकी एक कायमची भरलेली असते.

अखेरच्या आठवड्यातील लढतीला विभागविरहित पद्धतीत एक नवा धोका आहे. तेच दोन संघ गुणतालिकेत पहिले दोन आले, तर आठवडाभरात अंतिम सामन्यात त्यांना पुन्हा भिडावे लागते आणि पहिल्या निकालाचे मोल कमी होते. सैन्यदल व नौदल यांच्या अकादमींनी या प्रश्नावर वेगळा तोडगा काढला. आर्मी २०२४ मध्ये नेव्हीच्या कॉन्फरन्समध्ये दाखल झाले. तरी १८९० पासूनचा आर्मी–नेव्ही सामना डिसेंबरमधील आपल्या जागीच राहिला आणि तो कॉन्फरन्सबाह्य धरला जातो.

गुणतालिका आणि बरोबरी

सर्वांचे प्रतिस्पर्धी सारखे नसतील तर विजयांची तुलना अवघड होते. संपूर्ण साखळीत बरोबरीच्या दोन संघांत परस्परांतील सामन्याचा निकाल पाहता येतो. फिरत्या पद्धतीत तो सामना झालेलाच नसण्याचा संभव असतो. अशा वेळी दोघांच्या समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे निकाल आणि प्रतिस्पर्ध्यांची एकंदर कामगिरी अशा क्रमाने नियम लावले जातात.

सर्व संघ परस्परांशी खेळले असले तरी पेच सुटतोच असे नाही. २००८ मध्ये बिग ट्वेल्व्हच्या दक्षिण विभागात टेक्सासने ओक्लाहोमाला ४५–३५, टेक्सास टेकने टेक्सासला ३९–३३ आणि ओक्लाहोमाने टेक्सास टेकला ६५–२१ असे हरवले. तिघेही बरोबरीत राहिले आणि राष्ट्रीय क्रमवारीच्या आधारे ओक्लाहोमाला अंतिम सामन्यात प्रवेश मिळाला. २०२४ पासून राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी चारऐवजी १२ संघांची झाली. तेव्हापासून कोणाचे वेळापत्रक अवघड होते याला अधिकच महत्त्व आले आहे.

अन्य स्पर्धांशी तुलना

संघ आणि उपलब्ध सामने यांचा मेळ न बसण्याचा प्रश्न इतर खेळांतही येतो. इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०२२ पासून १० संघ झाले. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे तर १८ सामने लागले असते. साखळी फेरीत १४ च ठेवले गेले. म्हणून पाच संघांशी दोनदा व चार संघांशी एकदा, अशी वाटणी झाली. त्या हंगामात मुंबई व चेन्नई वेगवेगळ्या गटांत असूनही त्यांचे दोन सामने होतील अशी रचना होती. फरक इतकाच की तेथे वगळला जातो तो दुसरा सामना. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये वगळला जातो तो त्या वर्षीचा एकमेव सामना.

मर्यादा

गणिताच्या साहाय्याने आवर्तन, घरचे सामने आणि आठवडे यांची समतोल मांडणी करता येते. मात्र कोणती लढत राखण्याजोगी आहे, हे गणित सांगत नाही. तसेच कायमच्या प्रतिस्पर्ध्यांचे बळ काळानुसार बदलते. आज सोपा वाटणारा प्रतिस्पर्धी चार वर्षांनी अजिंक्य होऊ शकतो. त्यामुळे राखीव लढतींतील विषमता पूर्णपणे टाळता येत नाही. ठरावीक काळाने फेरविचार करणे एवढाच उपाय उरतो. त्या फेरविचारालाही मर्यादा आहे: दरवेळी जोड्या बदलल्या तर त्या पारंपरिक राहत नाहीत, आणि कधीच बदलल्या नाहीत तर एखाद्या संघावरील अन्याय कायमचा होतो.

सदस्यसंख्या हा या सर्व योजनांचा पाया आहे आणि तोच वरचेवर बदलत आला आहे. १४ संघांसाठी नेमकी बसलेली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची योजना १७ संघ होताच निरुपयोगी झाली. नेब्रास्का–ओक्लाहोमा किंवा ओक्लाहोमा–ओक्लाहोमा स्टेट या लढतींचा इतिहास पाहता, कॉन्फरन्सची फेररचना करताना राखीव लढतींची तरतूद आरंभीच केली नाही, तर पुढे वेळापत्रकाच्या आधारे ती उणीव भरून काढणे कठीण जाते.